एक्लोजाइट आणि ब्लूशिस्ट कसे वाचायचे: आधी काय वाढलं, मग काय वाकलं

एक्लोजाइटचा तुकडा पहिल्यांदा हातात घेतला की आधी वजन जाणवतं. नुसत्या आकारावरून वाटतं त्यापेक्षा तो चांगलाच जड निघतो, कारण बेसॉल्ट-गॅब्रोची घनता साधारण ३.० असते आणि याची ३.४-३.५ च्या घरात, आणि तरीही दोघांचं रसायन जवळपास एकच. मूलद्रव्यं तीच, फक्त प्रचंड दाबाखाली जास्त दाटीवाटीने बसवलेली. बेसॉल्टमधलं प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार पूर्ण नाहीसं होतं, त्यातला सोडियम ओम्फासाइट नावाच्या, पायरोक्सीन गटातल्या हिरव्या खनिजात जातो, गार्नेट बनतं, आणि हिरव्यात लाल ठिपके असा तो देखणा खडक तयार होतो. याच्यापेक्षा कमी तापमानाला, पण तरीही भरपूर दाबाखाली, ब्लूशिस्ट होतो, त्याचा निळा रंग ग्लॉकोफेन या अँफिबोल गटातल्या खनिजामुळे.

हे दोन्ही खडक मुख्यतः सबडक्शन झोनमध्ये होतात, म्हणजे जिथे एक प्लेट दुसरीखाली घुसते तिथे. नेहमीच्या खंडीय कवचात खोली वाढते तसं तापमान किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी चढतं, पण खाली घुसणारी प्लेट थंड असते आणि तिला तापायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे ५ ते १० अंशच. दाब खूप आणि ऊब कमी, हे गणित पृथ्वीवर दुसरीकडे फारसं जमत नाही.

आता मुद्दा. नवीन विद्यार्थी थिन सेक्शन, म्हणजे खडकाचा अगदी पातळ काप, मायक्रोस्कोपखाली ठेवला की पहिलाच प्रश्न विचारतो, याचं प्रेशर किती? मी म्हणेन हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी क्रम लावा. कुठलं खनिज कुणाच्या पोटात आहे, कुणी कुणाला वळसा घातलाय, कोण कुणाला कापून आरपार गेलंय. हा क्रम चुकला तर नंतर महागड्या मशीनवर काढलेले आकडे कितीही अचूक असले तरी ते दोन वेगवेगळ्या काळातल्या खनिजांचे निघतात आणि त्यांचा अर्थ शून्य. खाली जे लिहितोय ते याच क्रमाने, फील्डपासून आकड्यांपर्यंत.

पायरी १: तुकडा फोडण्याआधी

जास्त दाबाचे खडक फील्डमध्ये बरेचदा गोटे-गोटे असतात. आजूबाजूला नाइस किंवा शिस्ट, म्हणजे पट्ट्या-पापुद्र्यांचे रूपांतरित खडक, आणि त्यात एक्लोजाइटचे लांबट डाग, माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत. यांना बूदँ म्हणतात. एक्लोजाइट कडक, भोवतीचा नाइस मऊ, सगळं ताणलं गेलं तेव्हा मऊ खडक वाहत गेला आणि कडक थर तुटून त्याचे तुकडे झाले. दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत काय भरलंय ते नीट बघा, तिथे क्वार्ट्झच्या शिरा असतात, कधी फेन्जाइट अभ्रक, कधी अँफिबोल. ही भरण तुटण्याच्या वेळची आहे, म्हणजे ताण नेमका कुठल्या परिस्थितीत पडला याचा पहिला पुरावा इथेच आहे.

आणि बूदँचा गाभा आणि कडा वेगवेगळ्या उचला, दोन्ही सॅम्पल लागतात. गाभ्यात एक्लोजाइट ताजा राहतो, कडेला पाणी शिरून त्याचा हिरवट-काळा अँफिबोलाइट झालेला असतो. फक्त कडेचाच तुकडा घेऊन आलात तर तो खडक एकेकाळी खूप खोल जाऊन आला होता हे कळणारच नाही कदाचित.

सॅम्पलवर दिशा मारायची. फोलिएशनचा, म्हणजे खनिजं एका पातळीत लागून झालेल्या पापुद्र्यांचा, स्ट्राइक आणि डिप (दिशा आणि उतार), त्यावरच्या रेघांचा म्हणजे लिनिएशनचा प्लंज (कल), वरची बाजू कुठली त्याचा बाण, हे सगळं खडकावर मार्करने आणि वहीतही. मी हे इतकं ठासून सांगतोय कारण एकदा पावसात घाईघाईत गोळा केलेल्या तुकड्यांवरचा मार्कर पुसला गेला, वहीत मी फक्त नंबर लिहिला होता, आणि त्यातल्या एका तुकड्यात इतके सुंदर वळलेले गार्नेट निघाले की आजही वाईट वाटतं, कारण शिअर, म्हणजे खडकाचे भाग एकमेकांवरून सरकणं, कुठल्या दिशेने झाला हे त्यातून सांगणं कायमचं गेलं. खनिजं वाचता आली, हालचाल वाचता आली नाही.

पायरी २: सेक्शन कुठून कापायचा

थिन सेक्शन म्हणजे खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप, त्यातून उजेड आरपार जातो. कापायची दिशा महत्त्वाची. पहिला काप फोलिएशनला काटकोनात आणि लिनिएशनला समांतर, यात शिअरची दिशा दिसते. दुसरा काप फोलिएशनलाही आणि लिनिएशनलाही काटकोनात. दुसऱ्याचा खर्च वाचवावासा वाटतो पण वाचवू नका, कारण गार्नेटच्या आतल्या वळलेल्या रेषा पहिल्या कापात एस किंवा चक्रीसारख्या दिसतात आणि दुसऱ्यात कधी बंद वर्तुळासारख्या, आणि दोन्ही बघितल्याशिवाय आतला आकार डोक्यात बसत नाही.

अजून एक. गार्नेट साधारण गोल असतो, आणि काप त्याच्या मध्यातूनच गेला असेल असं काही नाही. कडेकडेने गेलेल्या कापात तो लहान दिसतो आणि त्याचा खरा गाभा दिसतच नाही. म्हणून सेक्शनमधले सगळ्यात मोठे दिसणारे दाणे आधी अभ्यासायचे, ते मध्यातून कापले जाण्याची शक्यता जास्त.

पायरी ३: खनिजांची यादी, पण जागेसकट

यादी सगळेच करतात, गार्नेट, ओम्फासाइट, फेन्जाइट, रुटाइल वगैरे. तुम्ही ती तीन रकान्यांत करा: गार्नेटच्या पोटात काय, बाहेरच्या मॅट्रिक्समध्ये (मोठ्या दाण्यांभोवतीच्या बारीक खडकात) काय, आणि कडांना-भेगांमध्ये काय. एकच खनिज दोन रकान्यांत आलं तर दोन्हीकडे लिहायचं, कारण पोटातला क्वार्ट्झ आणि बाहेरचा क्वार्ट्झ यांची गोष्ट वेगळी असू शकते.

ओळखायला सोप्या खुणा अशा. गार्नेट क्रॉस पोलरमध्ये, म्हणजे एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून बघताना, काळाकुट्ट होतो, स्टेज (काप ठेवायची चकती) कितीही फिरवा. ग्लॉकोफेन साध्या ध्रुवित उजेडात स्टेज फिरवला की जवळजवळ रंगहीन, मग जांभळट, मग निळा होत जातो, हे एकदा बघितलं की विसरता येत नाही. ओम्फासाइट फिका हिरवा, त्याच्या क्लीव्हेजच्या (खनिज ज्या पातळ्यांवर फुटतं त्यांच्या) दोन रेषा जवळपास काटकोनात, तर अँफिबोलच्या ५६ आणि १२४ अंशांत. रुटाइल गडद तांबूस-तपकिरी आणि उठून दिसणारा. फेन्जाइट पांढरं अभ्रक, क्रॉस पोलरमध्ये भडक रंगीत.

लॉसोनाइटबद्दल थोडं जास्त सांगतो कारण त्याला नवीन माणूस हमखास मुकतो. या खनिजात वजनाने ११ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते फक्त थंड आणि जास्त दाबाच्या वाटेवरच टिकतं, थोडं गरम झालं की फुटतं. म्हणून प्रत्यक्ष लॉसोनाइट क्वचित मिळतो, पण त्याचा साचा मिळतो. गार्नेटच्या पोटात सरळ कडांचे चौकोनी किंवा समभुज चौकोनासारखे डबे दिसले, आणि त्या डब्यात एकच खनिज नसून एपिडोट-झोइसाइट आणि पांढऱ्या अभ्रकाची बारीक खिचडी असेल, तर तिथे एकेकाळी लॉसोनाइट होता असं समजायला जागा आहे. एवढ्याशा चौकोनावरून कळतं की गार्नेट वाढायला लागला तेव्हा खडक थंड वाटेने खाली चालला होता.

पायरी ४: गार्नेटच्या आतल्या रेषा

हा भाग सावकाश करा, पूर्ण दुपार एका दाण्यावर गेली तरी चालेल.

गार्नेट वाढताना वाटेत येणारे बारीक कण गिळत जातो. ते कण त्या वेळच्या फोलिएशनच्या ओळीत असतात, त्यामुळे गार्नेटच्या आत जुन्या फोलिएशनची रेघ शिल्लक राहते, बाहेर मात्र खडक पुन्हा पुन्हा दाबला-ताणला जाऊन ती पुसली जाते. आतल्या रेघांना एसआय म्हणतात, बाहेरच्या फोलिएशनला एसई. या दोघांचं नातं काय, एवढाच प्रश्न विचारायचा.

आतली रेघ सरळ आहे आणि न तुटता, न वळता बाहेरच्या फोलिएशनमध्ये मिसळते, तर गार्नेट विरूपणानंतर, म्हणजे खडक दाबला-वाकवला गेल्यानंतर, वाढला. आतली सरळ आहे पण बाहेरचीशी कोन करून गार्नेटच्या कडेला एकदम तुटते, तर गार्नेट दोन विरूपणांच्या मधल्या शांत काळात वाढला, आणि नंतर बाहेर नवीन फोलिएशन तयार झालं. आतली रेघ वळत वळत कडेपर्यंत जाते आणि तिथे बाहेरचीला सलग भेटते, तर वाढ आणि विरूपण बरोबरच चालू होतं. आणि बाहेरचं फोलिएशन गार्नेटला नदीने दगडाला घालावा तसा वळसा घालत असेल तर त्यावरून फक्त इतकंच सिद्ध होतं की गार्नेट झाल्यावरही खडक दाबला जात होता. या शेवटच्या खुणेवरून लोक फार मोठे निष्कर्ष काढतात, तसं करू नका, आत काय झालं ते वळसा सांगत नाही.

आता एक दाणा जवळून बघू. समजा चार मिलिमीटरचा गार्नेट आहे. मधला दीड मिलिमीटर गढूळ दिसतो, इतके बारीक कण आहेत. झूम वाढवला की क्वार्ट्झचे ठिपके, त्यात निळसर ग्लॉकोफेनच्या दोन-तीन सुया एकाच दिशेला, आणि एक चौकोनी डबा एपिडोट आणि अभ्रकाने भरलेला. सगळ्या रेघा सरळ. त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात रेघा हळूहळू उजवीकडे वळायला लागतात, आणि इथे ग्लॉकोफेन संपतो, त्याच्या जागी फिक्या हिरव्या ओम्फासाइटचे कण येतात. मग अगदी कडेला अर्ध्या मिलिमीटरची स्वच्छ कड, आत फक्त रुटाइलचे दोन-चार दाणे. बाहेर ओम्फासाइट आणि फेन्जाइटचं फोलिएशन, ते गार्नेटला वळसा घालतं, आणि दाण्याच्या दोन टोकांना आडोशाच्या जागेत क्वार्ट्झ आणि फेन्जाइट साचलंय, त्याला प्रेशर शॅडो म्हणतात. मॅट्रिक्समध्ये काही मोठे ग्लॉकोफेन आडवे-तिडवे, फोलिएशनची पर्वा न करता आरपार वाढलेले, आणि त्यांच्या कडा हिरव्या. गार्नेटच्या एका भेगेत क्लोराइट.

फक्त एवढ्यावरून, एकही आकडा न काढता, बराच इतिहास लिहिता येतो. आधी ब्लूशिस्टच्या परिस्थितीत एक फोलिएशन झालं. ते थांबल्यावर गार्नेटचा गाभा वाढला. मग खडक एक्लोजाइटच्या परिस्थितीत पोहोचला आणि तेव्हा विरूपण आणि गार्नेटची वाढ एकदमच चालू होती. गार्नेट पूर्ण झाल्यावरही ओम्फासाइटचं फोलिएशन दाबलं जात राहिलं. मग ते थांबलं, वर येताना ग्लॉकोफेन पुन्हा वाढला, यावेळी शांतपणे, आणि अगदी शेवटी हिरव्या कडा आणि क्लोराइट. ग्लॉकोफेन दोनदा आहे हे लक्षात घ्या, एकदा जाताना एकदा येताना, आणि जागेचे रकाने केले नसते तर दोन्ही एकच समजले गेले असते.

चक्रीसारख्या गार्नेटबद्दल एक इशारा. पूर्वी सगळे म्हणायचे की शिअरमध्ये गार्नेट बर्फाच्या गोळ्यासारखा गोल फिरत वाढला म्हणून आत चक्री दिसते. १९८५ साली टिम बेल यांनी उलट बाजू मांडली, की गार्नेट फिरतच नाही, भोवतीचं फोलिएशन एकामागून एक नव्या दिशांना तयार होतं आणि गार्नेट ते गिळत जातो. यावर मग वर्षानुवर्षं वाद झाला. माझं मत असं की काही खडकांत फिरल्याचा पुरावा खरंच भक्कम आहे, पण नवीन माणसाने एका गार्नेटवरून शिअरची दिशा लिहू नये, मोठमोठ्यांची तिथे चूक झालीय. वळण किती अंशांचं, कुठल्या बाजूला, कुठल्या कापात दिसलं, एवढं नोंदवा, आणि दिशा ठरवायला मॅट्रिक्समधल्या खुणा वेगळ्या शोधा.

पायरी ५: मॅट्रिक्समधलं विरूपण

क्वार्ट्झ बघायचा मोह पहिला होतो कारण तो सगळीकडे असतो. क्रॉस पोलरमध्ये स्टेज फिरवला की एकाच दाण्यात काळी सावली लाटेसारखी सरकत जाते, म्हणजे स्फटिक आतून वाकलाय. मोठ्या दाण्याच्या कडेला फुगवटे आणि त्यातून सुटलेले बारीक दाणे, किंवा मोठा दाणा फुटून एकसारख्या आकाराचे उपदाणे, किंवा दाण्यांच्या सीमा एकमेकांत खोल घुसलेल्या, हे साधारण चढत्या तापमानाचे तीन प्रकार. आल्प्समधल्या टोनाले भागातल्या अभ्यासातून यांच्या सीमा साधारण ४०० आणि ५०० अंशांच्या आसपास लावल्या गेल्या, पण विरूपणाचा वेग आणि पाणी यांनी त्या खालीवर होतात.

पण क्वार्ट्झ मऊ आहे. वर येतानाच्या शेवटच्या टप्प्यातला थोडासा ताणही तो लगेच नोंदवतो आणि आधीचं सगळं पुसतो. म्हणून क्वार्ट्झवरून जे कळतं ते बहुतेक वेळा परतीच्या प्रवासाचं असतं, खोलीवरचं नाही. खोलीवरचं विरूपण बघायचं तर ओम्फासाइट बघा. त्याचे लांबट दाणे लिनिएशनच्या दिशेत ओळीने लागलेत का, मोठ्या दाण्यांच्या कडेला बारीक नवे दाणे आहेत का. हे असेल तर खडक एक्लोजाइटच्या परिस्थितीत असतानाच वाहत होता हे म्हणता येतं, कारण ओम्फासाइट त्या परिस्थितीशिवाय असा बनून ओळीत लागणार नाही.

अभ्रकाच्या घड्या बघायला मला स्वतःला फार आवडतात. घडीच्या वळणावर अभ्रकाचं पान स्वतः वाकलेलं आहे आणि त्यात सावली सरकते, तर घडी अभ्रकानंतरची. पण वळणावर छोटी छोटी सरळ पानं तिरकी तिरकी लागून कमान झालीय, जशा सरळ विटा लावून कमान बांधतात, तर घडी पडून गेल्यावर अभ्रक पुन्हा स्फटिकलं. एकाच सेक्शनमध्ये दोन मिलिमीटरच्या अंतरावर दोन्ही दिसू शकतं, तेव्हा एक जागा बघून थांबू नका.

आणि ग्लॉकोफेनच्या लांब सुया. त्या बरेचदा आडव्या तुटलेल्या असतात आणि तुकड्यांच्या मध्ये काहीतरी भरलेलं असतं, अगदी फील्डमधल्या बूदँसारखंच पण केसाएवढं. मध्ये फेन्जाइट-क्वार्ट्झ असेल तर एक गोष्ट, क्लोराइट-अल्बाइट असेल तर तुटणं उशिराचं, खडक बराच वर आल्यावरचं.

पायरी ६: खडकाने नोंद केलीच नाही, असंही होतं

हे कुणी सुरुवातीला सांगत नाही आणि मग गोंधळ होतो. नॉर्वेमध्ये बर्गनजवळ होल्सनोय नावाचं बेट आहे. तिथला खडक साधारण ९३ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅन्युलाइट, म्हणजे खूप तापलेला आणि पूर्ण कोरडा. पुढे कॅलेडोनियन पर्वत घडताना, ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, तो अख्खा एक्लोजाइटच्या खोलीवर गेला. पण अख्खा एक्लोजाइट झाला नाही. जिथे भेगा पडल्या आणि पाणी शिरलं तिथे, आणि शिअर झोनमध्ये, तेवढाच झाला, आणि एका पावलावर बाजूला जुना ग्रॅन्युलाइट तसाच्या तसा बसलाय. हाकोन आउस्टरहाइम यांनी १९८७ साली हे मांडलं, आणि नंतर तिथे एक्लोजाइटच्या परिस्थितीत वितळलेल्या खडकाच्या बारीक शिरा, म्हणजे स्यूडोटॅकीलाइट, याही वर्णन केल्या. या शिरा भूकंपासारख्या झटक्यात खडक घासून वितळल्यावर तयार होतात.

यातून कामाची गोष्ट अशी की दाब आणि तापमान पुरेसं नसतं, अभिक्रिया व्हायला पाणी लागतं, आणि पाण्याला वाट विरूपण करून देतं, आणि अभिक्रियेने झालेले बारीक नवे दाणे खडकाला मऊ करतात मग विरूपण तिथेच अजून वाढतं. वाढ आणि विरूपण ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवतात पण खडकात ती एकमेकांचा हात धरून चालतात. म्हणून तुमच्या सेक्शनमध्ये एका पट्ट्यात एक्लोजाइट आणि शेजारी नाही असं दिसलं तर घाबरू नका, दोन्ही एकाच खोलीवर होते हे शक्य आहे.

पायरी ७: वर येतानाच्या खुणा

खडक वर येतो तेव्हा दाब उतरतो आणि खनिजं मोडायला लागतात. ओम्फासाइटच्या कडेला बोटांच्या ठशासारखी बारीक वळणदार रचना दिसते, ती डायॉप्साइड आणि अल्बाइट यांची एकमेकांत गुंतलेली वाढ, तिला सिंप्लेक्टाइट म्हणतात. गार्नेटभोवती हिरव्या-काळ्या अँफिबोलची झालर येते. रुटाइलभोवती टायटानाइटची कड. कडा जाड असतील तर मूळ खनिजाचं रसायन मोजताना गाभ्यातच मोजायचं.

आणि कोएसाइट. क्वार्ट्झचंच रसायन पण घट्ट रचना, आणि तो ६००-७०० अंशांना साधारण २.७-२.८ गिगापास्कलच्या वरच टिकतो, म्हणजे नव्वद-शंभर किलोमीटर खोली. १९८४ साली क्रिस्तियाँ शोपाँ यांनी तो पश्चिम आल्प्समधल्या डोरा माइरा भागात, पायरोप गार्नेटच्या पोटात दाखवला, आणि त्याच वर्षी नॉर्वेतूनही डेव्हिड स्मिथ यांनी नोंदवला. खंडाचं हलकं कवच इतकं खोल जाऊन परत येऊ शकतं हे तोपर्यंत कुणी धरून चालत नव्हतं. १९९० मध्ये कझाकस्तानच्या कोकचेताव भागातल्या रूपांतरित खडकांत तर सूक्ष्म हिरे निघाले. लडाखमधल्या त्सो मोरारीच्या एक्लोजाइटमध्येही २००१ मध्ये कोएसाइट नोंदला गेला, म्हणजे भारतीय प्लेटची कडाही त्या खोलीवर जाऊन आली.

कोएसाइट स्वतः बहुतेक वेळा उरत नाही, पण मागे जी खूण ठेवतो ती बघण्यासारखी. दाब उतरला की कोएसाइटचा क्वार्ट्झ होतो आणि आकारमान साधारण १० टक्क्यांनी वाढतं, कारण घनता २.९२ वरून २.६५ वर येते. गार्नेटच्या बंद पोटात जागा नाही, मग गार्नेट तडकतो, आणि त्या कणापासून सगळीकडे किरणांसारख्या भेगा निघतात. कणाच्या कडेने क्वार्ट्झचे दाणे कुंपणाच्या काठ्यांसारखे उभे लागलेले असतात. किरणांसारख्या भेगा दिसल्या की थांबा, झूम वाढवा, आणि शक्य असेल तर रामन स्पेक्ट्रोस्कोपीने (विखुरलेल्या लेझर उजेडावरून खनिज ओळखायची पद्धत) कणाच्या मध्यभागी तपासा. फक्त भेगांवरून कोएसाइट जाहीर करू नका.

पायरी ८: आता आकडे

क्रम लागला की मगच मोजायचं, आणि एकच नियम, एकत्र वाढलेल्या खनिजांचीच जोडी घ्यायची. गार्नेटची स्वच्छ कड आणि तिला टेकलेला ओम्फासाइटचा ताजा भाग यांच्यात लोह-मॅग्नेशियम कसं वाटलं गेलं त्यावरून तापमान. फेन्जाइटमध्ये सिलिकॉन जितका जास्त तितका दाब जास्त, हे ठरावीक सोबती खनिजं असतील तरच नीट लागू होतं. रुटाइलमधल्या झिर्कोनियमवरूनही तापमान निघतं. आणि अल्बाइटचं जेडाइट आणि क्वार्ट्झ होतं ती जुनी, प्रयोगांनी घट्ट बसवलेली रेषा, ६०० अंशांना जवळपास १.६ गिगापास्कल, ती डोक्यात ठेवली की निदान अंदाज चुकत नाही. १ गिगापास्कल म्हणजे साधारण ३५ किलोमीटर खडकाचं वजन. मात्र जोरात दाबल्या जाणाऱ्या खडकात दाब हा नुसत्या वरच्या वजनापेक्षा वेगळा असू शकतो का यावर अजून वाद चालू आहे, त्यामुळे अहवालात दाब आधी लिहा, खोली नंतर.

गार्नेटचा मॅंगनीजचा नकाशा मिळाला तर जरूर घ्या. मॅंगनीज गाभ्यात जास्त आणि कडेला कमी असा घंटेसारखा आलेख आला तर वाढीची मूळ नोंद शाबूत आहे. आलेख सपाट असेल तर खडक बराच तापून आतली मूलद्रव्यं सरकलीत, आणि गाभ्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. हा नकाशा आणि तुमचं आतल्या रेषांचं चित्र एकावर एक ठेवा, रेघा जिथे वळायला लागतात तिथेच रसायनही बदलतं का ते बघा. बदलत असेल तर विरूपणाची वेळ आणि दाब-तापमान एकमेकांना बांधता आलं, या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा आनंद तो.

वय काढताना अजून सावध. डोरा माइराच्या पांढऱ्या अभ्रकाने अर्गॉन पद्धतीने १० कोटी वर्षांच्या आसपासचं वय दाखवलं होतं, आणि नंतर झिर्कॉनच्या युरेनियम-लेड पद्धतीने खरं वय साधारण ३.५ कोटी वर्षं निघालं. जास्त दाबाखाली अभ्रकात बाहेरचा अर्गॉन अडकून राहिला होता. गार्नेटचं ल्युटेशियम-हाफ्नियम वय घेतलं तर लक्षात ठेवा की ल्युटेशियम बरेचदा गाभ्यात गोळा होतं, म्हणजे ते वय वाढ सुरू झाल्याच्या बाजूला झुकतं, शेवटाच्या नाही.

वहीत शेवटी हे सगळं एका पानावर आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यात मांडा. डावीकडून उजवीकडे काळ, प्रत्येक खनिजाला एक पट्टी, विरूपणाचे टप्पे उभ्या छटांनी. पायरी ४ मधल्या दाण्याचा तक्ता केला तर ग्लॉकोफेनची पट्टी मध्ये तुटते आणि उजवीकडे पुन्हा सुरू होते, ओम्फासाइटची पट्टी मधल्या छटेवर बसते, लॉसोनाइटची डावीकडेच संपते. जिथे खात्री नाही तिथे पट्टी तुटक रेघेने काढा, आणि मग दुसरा काप मायक्रोस्कोपखाली घ्या आणि बघा ती तुटक रेघ सलग करता येते की पुसावी लागते.